धावणं, तब्येत आणि वाचन: मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी १७ वर्षांची आहे, ८०० मीटर धावते, आणि माझ्या बॅगेत स्पाइक्सशेजारी (तळाला खिळे असलेले शर्यतीचे बूट) एक पुस्तक असतं. धाकट्या मुली, त्यांच्या आया, वर्गातली मुलं, सगळ्यांचे प्रश्न येतात आणि त्यातले बरेचसे तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जायला हवं, तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

१. ८०० मीटर म्हणजे दोनच चकरा ना? मग त्यात एवढं अवघड काय?

हो, दोनच. ४०० मीटरच्या ट्रॅकवर दोनदा फिरायचं. पहिलं वळण संपेपर्यंत प्रत्येकीने आपापली लेन सोडायची नाही, त्यानंतर सगळ्या आत घुसतात आणि कोपरं लागायला सुरुवात होते.

अवघड आहे तो हिशेब. जोरात सुटलात तर ५५० मीटरला मांड्या दगड होतात. राखून धावलात तर शेवटी दम शिल्लक राहतो, पण पुढच्या मुली निघून गेलेल्या असतात. या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून जास्त भाग ऑक्सिजनवर चालतो आणि बाकीचा उधारीवर. ती उधारी शेवटच्या १५० मीटरला व्याजासकट वसूल होते. माझं आजवरचं सर्वोत्तम टायमिंग २:१७.४ आहे. महिलांचा १:५३.२८ चा विश्वविक्रम यार्मिला क्रातोख्विलोवाने १९८३ साली केला आणि तो चार दशकांहून जास्त काळ टिकला. माझ्या आकड्याच्या शेजारी तो आकडा मी फार वेळ ठेवत नाही.

२. ताई, मी कधीच धावलेले नाही. सुरुवात कशी करू?

चालण्याने. दोन मिनिटं चाल, एक मिनिट सावकाश धाव, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी कर. हे इतकं सावकाश वाटतं की लाज वाटते, पण पहिले दोन महिने तसंच ठेव.

यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. दम आधी सुधारतो, काही आठवड्यांतच. हाडं आणि स्नायूबंध मात्र महिने घेतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात ‘आता मला काही होत नाही’ असं वाटायला लागतं आणि मुली एकदम दुप्पट धावतात. नडग्या नेमक्या तेव्हाच दुखायला लागतात.

आणि धावणं आवडलंच नाही तर दुसरं काही खेळ. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काहीतरी. ते धावणंच असावं असं कुठेही म्हटलेलं नाही.

३. बूट कोणते घेऊ?

पायात घालून दहा पावलं पळून बघितल्यावर जे विसरायला होतात ते. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. स्पाइक्स पहिल्या वर्षी नकोत.

४. पळताना बरगडीखाली चमक येते. हृदयाचं काही असेल का?

बहुधा नाही. भरल्या पोटी किंवा ढसाढसा पाणी पिऊन पळालं की अशी चमक येते. वेग कमी कर, लांब श्वास सोड, हाताने ती जागा दाब, मिनिटा-दोन मिनिटांत जाते. मात्र छातीत दुखत असेल, पळताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर ती वेगळी गोष्ट. त्या दिवशी सराव थांबवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं.

५. दुसऱ्या दिवशी पाय आखडतात. लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून का?

सगळे तसं सांगतात, पण नाही. लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं सवय नसलेल्या कामामुळे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. हलकं चालणं आणि झोप, एवढंच त्याला पुरतं.

६. मुलीच्या जातीने इतकं धावणं बरं का? पुढे त्रास होईल. (मावशी, आजी, शेजारच्या काकू, आणि एकदा चक्क एक सर)

हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे, म्हणून उत्तर जरा लांबलंय.

१९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावायला मिळालं. जर्मनीची लिना राड्के २:१६.८ मध्ये जिंकली. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. तिला १०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचता आलं नव्हतं, म्हणून ती ८०० मध्ये उतरली होती. शर्यत संपल्यावर काही जणी गवतावर आडव्या झाल्या. ८०० नंतर सगळेच होतात, पुरुषसुद्धा. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं की बायका कोसळल्या, काहींनी शर्यत अर्ध्यातच सोडली. खरं तर अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ पोहोचल्या. तरीही बायकांचं ८०० मीटर ऑलिंपिकमधून काढून टाकलं गेलं आणि परत आलं ते थेट १९६० साली, रोममध्ये. १५०० मीटर मिळायला १९७२ उजाडलं, मॅरेथॉनला १९८४. ज्या ज्या वेळी अंतर वाढलं, त्या त्या वेळी कुणीतरी गर्भाशयाची काळजी केली होती.

त्रास होऊ शकतो, पण तो धावण्याने होत नाही. धावण्याच्या मानाने कमी खाल्ल्याने आणि कमी झोपल्याने होतो. ते पुढे ८ आणि ९ मध्ये आहे. मावशीला तेवढं वाचून दाखवा.

जाता जाता: २:१७.४ आणि २:१६.८ मध्ये ०.६ सेकंदांचं अंतर आहे. राड्के कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर धावली होती, माझ्या पायाखाली रबर असतं. या वर्षी मला तिला गाठायचंय.

७. पाळीच्या दिवसांत सराव करायचा की नाही?

करावासा वाटला तर करायचा, नाही वाटला तर नाही. धावू नये असं वैद्यकीय कारण काही नाही. उलट हलकं धावल्यावर पोटातली कळ कमी होते असा माझा अनुभव आहे, पण माझ्या मैत्रिणीला पहिल्या दिवशी उभंही राहवत नाही. दोघींचं खरं.

मी सरावाच्या वहीत त्या तारखांना लाल ठिपका देते. सहा महिन्यांनी पानं चाळली तेव्हा दिसलं की ज्या दिवशी ‘पाय जड, मूड वाईट, मी संपले’ असं लिहिलं होतं, त्यातले बहुतेक दिवस ठिपक्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांतले होते. तेव्हापासून त्या दिवसांत मी स्वतःविषयी कुठलाही मोठा निर्णय घेत नाही.

व्यवहाराचं: जे काही वापरणार असाल ते आधी सरावात वापरून बघा, स्पर्धेच्या दिवशी नवीन प्रयोग नको. बॅगेत एक जास्तीचं कायम ठेवा, स्वतःला नाही तर दुसऱ्या कुणाला लागतं. आणि सरांना सांगा. मला ‘सर, आज पहिला दिवस आहे’ हे वाक्य बोलायला तीन महिने लागले. सर ‘बरं’ म्हणाले आणि कागदावरचे दोन इंटरव्हल (मध्ये थोडं थांबून पुन्हा पुन्हा मारायच्या जोरदार धावा) खोडले. एवढंच झालं.

तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल किंवा रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि लोह तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिनबद्दलही विचारा. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

८. तीन महिने पाळी आली नाही, पण टायमिंग सुधारतंय. मग बिघडलं कुठे?

या प्रश्नाला मी त्याच दिवशी उत्तर देते, परीक्षा असली तरी.

शरीराला सरावात खर्च होते तेवढी ऊर्जा मिळाली नाही की ते काटकसर करायला लागतं. आत्ता ज्याच्याशिवाय भागेल ते आधी बंद करतं, आणि पाळी त्या यादीत वरच आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट असं नाव दिलं. आम्ही रेड-एस म्हणतो. मुलांनाही ती होते, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी धोक्याची घंटा नसते.

टायमिंग सुधारतं हाच सापळा आहे. वजन उतरलं की काही आठवडे पाय हलके वाटतात. त्याच वेळी आत हाडं झिजत असतात, आणि तीही आयुष्यभराच्या हाडांची बेगमी करायच्या वयात. नंतर वारंवार सर्दी, चिडचिड, उडालेली झोप, आणि शेवटी हाडाला भेग.

पहिली पाळी आल्यानंतरची एक-दोन वर्षं ती मागेपुढे होणं नेहमीचं आहे. पण सलग तीन महिने खंड पडला, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचंच. आणि पाळी आणणारी गोळी घेऊन रक्तस्राव झाला म्हणजे ऊर्जेची तूट भरली असं होत नाही. तूट खाण्याने भरते आणि सराव कमी केल्याने भरते.

९. सर म्हणतात दोन किलो कमी कर, वेग वाढेल. करू का?

नको. कारण वर ८ मध्ये आहे. इथे मी माझंच सांगते.

१५ व्या वर्षी एका शिबिरात आम्हाला रांगेत उभं करून वजन केलं आणि प्रत्येकीचा आकडा मोठ्याने वाचला. माझा सगळ्यात मोठा नव्हता, पण वाचणाऱ्याने माझ्या आकड्यानंतर ‘हं’ म्हटलं. त्या ‘हं’वर मी रात्रीचं जेवण अर्धं केलं. पंधरा दिवसांनी ४०० मीटरला एक सेकंद कमी झाला, मी खूश. पाचव्या आठवड्यात डाव्या नडगीत एका जागी दुखायला लागलं. पुढचं ११ मध्ये.

तुझ्या खाण्याबद्दल बोलायचा हक्क डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाला आहे, तोही बंद दाराआड. चारचौघांत आकडा वाचणाऱ्याला नाही.

१०. बाराव्या वर्षी मी सगळ्यांना हरवायचे. आता चौदावं लागलंय आणि टायमिंग घसरतंय. माझ्यातलं संपलं का?

नाही गं. उंची वाढली, कंबर रुंदावली, पायाची लांबी बदलली, त्यामुळे जुनी पावलं नव्या अंगाला बसत नाहीत. बऱ्याच मुलींचं टायमिंग एक-दोन वर्षं अडून राहतं किंवा मागे जातं. मुलांचं याच वयात आपोआप सुधारतं, आणि तुलना त्यांच्याशी होते, म्हणून ते जास्त लागतं. मी १३ ते १५ या काळात ८०० मीटरला एकही सेकंद कमी केला नाही.

या वर्षांत करण्यासारखं एक काम मात्र आहे: उडी मारून नीट उतरायला शिकणं. गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध फाटण्याचं प्रमाण, विशेषतः फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत, मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. उतरताना गुडघे आत वळू न देणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद वाढवणं, अशा वॉर्मअपने तो धोका खरोखर कमी होतो. कंटाळवाणं आहे. मी धावपटू असूनही करते.

११. नडगी दुखते. पळत राहू की थांबू?

बोट लाव. दुखणं नडगीच्या लांबीभर पसरलेलं असेल आणि वॉर्मअपनंतर कमी होत असेल, तर आठवडाभर धावणं निम्मं कर आणि बघ. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर थांब आणि डॉक्टरांना दाखव. हाडाला भेग पडत असण्याची शक्यता असते आणि ती सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही.

माझं दुखणं बोटाएवढंच होतं. एमआरआयमध्ये हाडाला आतून सूज दिसली, भेग पडायच्या आधीची पायरी. सहा आठवडे धावणं बंद.

१२. वाचनाची आवड कशी लागली?

वरच्या सहा आठवड्यांत. यापेक्षा सुंदर कारण माझ्याकडे नाही. संध्याकाळचे दोन तास अचानक रिकामे झाले, ट्रॅकवर जाऊन दुसऱ्यांना पळताना बघवत नव्हतं, आणि फोनवर सगळ्या जणी पळतानाच दिसत होत्या. घरात जे हाताला लागलं ते उचललं. पहिलं पुस्तक रटाळ होतं. दुसऱ्याने रात्री एक वाजेपर्यंत जागवलं.

१३. सराव, अभ्यास, झोप यातून वाचायला वेळ कधी काढतेस?

काढत नाही, पडलेला असतो. स्पर्धेच्या दिवशी मी जेमतेम सव्वादोन मिनिटं धावते आणि पाच-सहा तास बसून राहते. हीट (अंतिम फेरीआधीची प्राथमिक शर्यत) उशिरा सुरू होते, यादी बदलते, कुणाचा तरी नंबर हरवतो. एवढ्यात पन्नास पानं होतात. प्रवास असतोच. घरी झोपण्याआधी वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

झोप कापून मात्र वाचायचं नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप सांगितलेली आहे आणि खेळणाऱ्याने वरच्या आकड्याकडे झुकावं. १२ मधली एक वाजताची रात्र दुखापतीतली होती, तिला सूट द्या.

१४. खेळाडूंची चरित्रंच वाचावीत का? प्रेरणा मिळते म्हणतात.

मला भेट म्हणून आलेल्या पुस्तकांत निम्मी तीच आहेत. चार वाचली की पाचवं न उघडता सांगता येतं: कष्टाचं बालपण, कडक गुरू, मोठी दुखापत, मग पदक. दुखापतीचं प्रकरण हमखास सहा पानांत संपतं. माझे सहा आठवडे सहा पानांत मावले नसते.

मला रहस्यकथा आवडतात, आणि समुद्र, बर्फ, डोंगर असलेली प्रवासवर्णनं. कविता हीटच्या आधी बऱ्या पडतात. एका पानात संपते आणि नाव पुकारलं तर कुठे खूण ठेवायची हा प्रश्न नसतो. खेळाशी काहीही संबंध नसलेलं वाच, असंच मी सांगेन. मैदानावर आपण खेळाडू असतोच, पुस्तकातही तेच कशाला?

१५. वर्षाला किती पुस्तकं वाचतेस?

माहीत नाही, आणि हे मुद्दाम आहे. दुखापतीत मी सरावाच्या वहीसारखी वाचनाची वही केली होती: तारीख, पानं, आठवड्याची बेरीज. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी जाड पुस्तकं टाळतेय आणि मोठ्या टाइपाची शोधतेय. एका कादंबरीत आजोबा वारले आणि मी पान उलटून बेरीज केली. त्या दिवशी वही बंद केली. माझं टायमिंग मोजलं जातं, नाडी मोजली जाते, वजन मोजून झालंय. एक गोष्ट मोकळी राहू दे.

१६. पळताना ऑडिओबुक ऐकलं तर ते वाचन धरायचं का?

धरा की, परीक्षा कुठे आहे! सावकाश लांब धावताना मीही ऐकते. एकच कान, आवाज कमी, आणि रहदारीच्या रस्त्यावर अजिबात नाही. ट्रॅकवर इंटरव्हल करताना नको, मागून ‘ट्रॅक!’ (म्हणजे ‘बाजूला हो!’) अशी हाक येते ती ऐकू आली पाहिजे. ट्रॅकवरच्या स्पर्धेत अशी उपकरणं नियमानेच चालत नाहीत.

१७. वाचनामुळे खेळ सुधारतो का? मुलीला सांगायला बरं पडेल.

काकू, खरं सांगू? माझा एकही सेकंद पुस्तकाने कमी केलेला नाही. शर्यतीच्या आधी डोकं जागेवर राहतं, एवढंच. आदल्या रात्री मी नवीन काही उघडत नाही, आधी वाचलेलंच वाचते, कारण शेवट माहीत असलेली निदान एक गोष्ट त्या रात्री हवी असते. पण ‘वाच म्हणजे पदक मिळेल’ असं तिला सांगू नका. ती हुशार असेल तर दोन्ही सोडेल.

१८. परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर?

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सराव तसाही कमी करतात. तो वेळ अभ्यासाला. झोपेला हात लावायचा नाही, १३ पाहा.

१९. पुस्तक अर्धवट सोडतेस का? आणि शर्यत?

पुस्तक, कितीतरी वेळा. पन्नास पानांत जमलं नाही तर ठेवून देते.

शर्यत एकदाच. पाय जड होणं, घसा जळणं, ‘आता बस’ असं वाटणं, हे ८०० मध्ये प्रत्येक वेळी होतं आणि त्यासाठी सोडायचं नसतं. पण त्या दिवशी दुसऱ्या चकरीच्या वळणावर मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं, आणि पुढचं पाऊल लंगडं पडलं. एका जागी, अचानक, चाल बदलून टाकणारं दुखणं असेल तर तिथेच थांबायचं. मी आणखी वीस पावलं टाकली. त्या वीस पावलांनी माझे तीन आठवडे खाल्ले असं नंतर सांगण्यात आलं.

एक राहिलं. सोडायची वेळ आली तर लेनमध्ये उभं राहू नका, मागे वळून एकदा बघा आणि आतल्या गवतावर जा. मी पहिल्या लेनमध्येच मांडी धरून उभी राहिले आणि मागून येणारी मुलगी माझ्यावर आदळली. तिचा गुडघा सोलवटला, तरी ती उठली आणि शर्यत पूर्ण करून सातवी आली.